बिस्किट जॉइनर आणि 'हाताचे वळण'

यंदा आमच्या वस्तीच्या जयंतीच्या वर्गणीतून आम्ही एक मशीन विकत घेतले. कॉर्डलेस बिस्किट जॉइनर. मिरवणुकीतला डीजे एका दिवसावर आणला, कमानीची लायटिंग कमी केली आणि ते पैसे यात घातले. तेव्हापासून आमच्यावर टीका चालू आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाली, विहाराच्या ओट्यावर झाली, लग्नाच्या पंगतीतही झाली. टीका करणारे परके नाहीत, आपलेच आहेत. त्यामुळे गप्प बसून चालणार नाही, जाहीर उत्तर दिले पाहिजे.

आक्षेप तीन आहेत. पहिला, जयंतीचा पैसा मशीनवर का घातला? दुसरा, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, तुम्ही पोरांच्या हातात पुन्हा हत्यार का देता? तिसरा, मशीनने कधी जात मोडली आहे का?

तिन्ही आक्षेपांमध्ये तथ्य आहे. पण आधी हे मशीन काय आहे ते नीट समजून घेऊ. न पाहताच बोलणारे बरेच भेटले.

मशीन काय करते

दोन फळ्या एकमेकींना जोडायच्या तर जुन्या पद्धतीत एका लाकडात चौकोनी भोक पाडायचे, दुसऱ्याचे टोक त्या मापात तासायचे आणि ठोकून बसवायचे. सांधा उत्तम होतो, पण पटाशीवर हात बसायला वर्षे लागतात. आजच्या इंटिरियरच्या कामात प्लायला सरळ स्क्रू किंवा खिळे मारतात. काम लवकर होते, पण कडेला मारलेला स्क्रू प्लायचे थर फाडतो आणि फळी वर-खाली बसते.

बिस्किट जॉइनर हा तिसरा मार्ग आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात स्वित्झर्लंडमधल्या हेरमान स्टाइनर नावाच्या सुताराने तो शोधला. मशीनमध्ये साधारण १०० मिलिमीटर व्यासाचे छोटे गोल पाते असते, ते आत दडलेले असते. मशीन फळीच्या कडेला टेकवून पुढे दाबले की पाते बाहेर येते आणि सुमारे ४ मिलिमीटर रुंदीची, अर्धचंद्रासारखी खाच पाडते. समोरच्या फळीलाही तशीच खाच पाडायची. दोन्ही खाचांत फेविकॉल भरायचा, मध्ये बिस्किट घालायचे, फळ्या दाबून क्लॅम्प लावायचे. बिस्किट बीच नावाच्या लाकडाचे, दाबून पातळ केलेले असते. फेविकॉलमधले पाणी पिऊन ते खाचेत फुगते आणि घट्ट धरते. बिस्किटाची ०, १० आणि २० अशी मापे मिळतात. १८ मिलिमीटरच्या प्लायला आम्ही २० नंबर वापरतो.

यात सुताराचे काम सोपे करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. मशीनच्या तोंडाशी एक आधारपट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. ती एकदा ९ मिलिमीटरवर लावली की प्रत्येक खाच १८ मिलिमीटरच्या फळीच्या बरोबर मध्यावर येते. दुसरे, खाच बिस्किटापेक्षा किंचित लांब असते. त्यामुळे पेन्सिलची खूण जराशी चुकली तरी फळी डावी-उजवीकडे सरकवून जुळवता येते. पण वर-खाली सरकवता येत नाही. म्हणून दोन्ही फळ्यांची दर्शनी बाजू आधी ठरवायची आणि फेन्स दोन्ही वेळा त्याच बाजूवर टेकवायची. आम्ही पहिल्या दिवशी नेमके हेच चुकलो. एका फळीला वरून माप घेतले, दुसरीला खालून. प्लाय काही अगदी १८ मिलिमीटर भरत नाही, थोडा कमीच भरतो. सांध्यावर बोटाला लागेल एवढी पायरी आली. चार सांधे फोडून पुन्हा केले.

'तुझ्या हाताला वळण नाही'

मशीन घ्यायचे का सुचले, तेही सांगतो. आमच्यातली दोन पोरे चार वर्षे एका इंटिरियर ठेकेदाराकडे कामाला होती. चार वर्षांत काय केले? प्लायच्या शीटा जिन्याने सहाव्या मजल्यावर चढवल्या, भुसा झाडला, सनमायका पुसला, मिस्त्रीला चहा आणला. मशीनला हात लावायची वेळ आली की दुसऱ्याला हाक मारली जाई. त्यांच्या मागून आलेला ठेकेदाराच्या गावचा पोरगा सहा महिन्यांत कटर चालवू लागला. आमच्या पोरांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "हे रक्तात असावं लागतं. तुझ्या हाताला वळण नाही."

ठेकेदार जातीचे नाव घेऊन बोलला नाही. आजकाल कुणी घेत नाही. आडनाव विचारून झालेले असते, गाव कोणते आणि गावात घर कुठे हेही विचारून झालेले असते. मग 'वळण', 'रक्त', 'खानदानी कारागीर' असे शब्द येतात. बोलणाऱ्याला वाटते आपण कलेबद्दल बोलतोय. ऐकणाऱ्याला कळते की आपल्याला दार कुठले दाखवले.

गावगाड्यात महाराने लाकूड फोडावे, सरपण वाहावे, मयताची लाकडे न्यावीत, हे ठरलेले होते. त्याच लाकडाची चौकट, पाट, पाळणा करणे हे दुसऱ्याचे काम होते. फोडायला आमचा हात चालला, जोडायला चालला नाही. हाताला वळण नव्हते असे नाही, वळण लागू दिले नाही. यात सुतार बांधवांबद्दल आमच्या मनात राग नाही. बलुत्यावर राबून तोही नागवलाच गेला. पण कोण काय शिकेल हे जन्मावरून ठरवणारा गावगाडा त्याच्या नावावर आजही मिरवला जातो, तेव्हा बोलावे लागते.

'जातिभेद निर्मूलन' १९३६ साली छापले गेले. त्यात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि या वाटणीत माणसाची आवड किंवा कुवत विचारली जात नाही. हे वाक्य आपण भाषणात शंभर वेळा ऐकले आहे. ते खरे आहे की नाही हे तपासायचे असेल तर एखाद्या साइटवर जा आणि कटर कुणाच्या हातात आहे, झाडू कुणाच्या हातात आहे, हे पाहा.

आम्ही मशीन घेतले आणि त्याच दोन पोरांच्या हातात दिले. तीन रविवार फुकट गेलेल्या प्लायच्या तुकड्यांवर सराव केला. चौथ्या रविवारी पहिला चौकटी खण गुण्यात बसला. रक्त तेच होते. फरक एवढाच की या वेळी कुणी हात झटकला नाही.

मशीनने जात मोडली का?

नाही मोडली. हा आक्षेप घेणारे बरोबर आहेत आणि इतिहासही त्यांच्याच बाजूने आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत वाफेची आणि विजेची यंत्रे होती. तरीही ज्यात मजुरी जास्त त्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय? तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांना विटाळ वाटे. यंत्र विलायतेचे, विटाळ इथला. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. वर्गलढ्याच्या घोषणा देणाऱ्यांना तोवर तो दिसला नव्हता.

आजचे उदाहरण घ्या. दोन फळ्या सरळ जोडाव्यात म्हणून जगाने बॅटरीवर चालणारे, मिलिमीटरचे माप राखणारे यंत्र बनवले. आणि गटारात? हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, तरी माणसे मॅनहोलमध्ये उतरवली जातात आणि मरतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मरणे थांबलेले नाही. यंत्र नाही म्हणून हे होत नाही. ज्याचे शरीर स्वस्त मानले आहे त्याच्यासाठी यंत्र आणायची कुणाला घाई नाही.

म्हणजे यंत्र आपोआप मुक्ती देत नाही. पण म्हणून यंत्राकडे पाठ फिरवायची का? बाबासाहेबांनी गांधीवादाची चिकित्सा करताना नेमके याच प्रश्नाला हात घातला होता. चरखा आणि खेड्याकडे परत चला, या विचाराला त्यांचा ठाम विरोध होता. माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवून विचार करायला फुरसत द्यायची तर यंत्र पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राने जे वाईट होते त्याचा दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणून आमचा प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. ते कुणाच्या मालकीचे आहे आणि कुणाला शिकवले जाते, हा आहे.

कुटुंबाचा धंदा आणि सरकारची योजना

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा धंदे, त्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. कागदावर जातीची अट नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. जो बसतो त्याने जरूर लाभ घ्यावा, तो पैसा कुणाच्या घरचा नाही.

पण योजनेची भाषा वाचा. गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेला धंदा बळकट करायचा, असे तिचे उद्दिष्ट सांगितले जाते. या देशात कुटुंबात चालत आलेला धंदा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. सुताराच्या मुलाने सुतारच राहावे आणि ज्याच्या आजोबाला रंध्याला हात लावू दिला नाही त्याच्या नातवाकडे 'परंपरा' नाही म्हणून त्याने हेल्परच राहावे, असाच त्या भाषेचा कल आहे. तामिळनाडू सरकारने २०२४ साली याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. तिथल्या लोकांना १९५३ आठवते. राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांना घरचा धंदा शिकवायची योजना आणली होती. लोकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून धुडकावले आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली.

आपली मागणी साधी असली पाहिजे. कोणताही धंदा कोणत्याही घरातल्या मुलामुलीला शिकता आला पाहिजे आणि त्यासाठी लागणारे यंत्र त्याच्या हाताला लागले पाहिजे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे. तिथे कुणाच्या बापाचा धंदा विचारत नाहीत. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये तो ट्रेड चालू आहे का, तिथली यंत्रे चालतात का, हे विचारायला आपले शिष्टमंडळ शेवटचे कधी गेले होते?

शिका, म्हणजे काय शिका?

आता सर्वांत टोचणारा आक्षेप. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला ऐकवले, "आमच्या बापांनी हातातली कुऱ्हाड टाकली म्हणून आम्ही कचेरीत बसलो. तुम्ही पोरांना परत तिकडेच नेताय." या बोलण्यामागे वेदना आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला आदर आहे. महारकी नाकारायला, मेलेली ढोरे ओढणार नाही म्हणायला केवढी हिंमत लागली, हे आम्ही घरातच ऐकले आहे.

पण नाकारले ते काय? जन्माने लादलेले, बिनमोलाचे, घाणीचे काम नाकारले. श्रम नाकारले नाहीत आणि तंत्र तर मुळीच नाकारले नाही. १९४२ साली व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणाच्या मागणीबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि सरकारी छापखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. कुऱ्हाड टाकणे आणि वर्कशॉपमध्ये शिरणे या उलट गोष्टी नाहीत. दोन्ही एकाच वाटेवर आहेत.

आम्ही कुणालाही पुस्तक सोडून मशीन धरायला सांगत नाही. आमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एकाही मुलीची, मुलाची परीक्षा आम्ही या कामासाठी बुडू दिली नाही. पण पाच-सहा वर्षे स्पर्धा परीक्षा देऊन वय संपलेला आणि घरात नजर वर करून न बोलणारा भाऊ तुमच्या वस्तीतही असेल. त्याला आपण काय देतो? सहानुभूती देतो, आणि ती तो कंटाळून गेला आहे.

मशीनच्या मर्यादा, आणि आमचे नियम

मशीनचा जयजयकार करण्यासाठी आम्ही लिहीत नाही. बिस्किटाने सगळे सांधे होत नाहीत. खुर्चीच्या पायाला, ज्यावर सतत ताण आणि हिसका येतो, तिथे ते टिकणार नाही. फळीला फळी कडेने जोडताना खरी पकड फेविकॉलचीच असते, बिस्किट फळ्या एका पातळीत ठेवते. कपाट, मांडणी, ड्रॉवरचे खोके यासाठी ते उत्तम. कडेने जोडताना टोकापासून साधारण ५ सेंटिमीटर सोडून, मग १५ ते २० सेंटिमीटरवर एक खाच पुरते. मांडणीचा मधला कप्पा बसवायचा तर कप्प्याचीच फळी बाजूच्या फळीवर खुणेला क्लॅम्प करायची आणि तिला मशीनचे बूड टेकवून खाच पाडायची. वेगळी पट्टी शोधत बसावे लागत नाही.

चुकांतूनही शिकलो. जुलैमध्ये बिस्किटांचे पाकीट उघडे राहिले. दमट हवेने ती तिथेच फुगली आणि खाचेत शिरेनात. आता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. साग जोडून केलेल्या टेबलाला घाईने दुसऱ्याच दिवशी पॉलिशपेपर मारला. सांध्याजवळचे लाकूड ओलाव्याने फुगलेले होते, ते घासले गेले. पुढे सुकल्यावर प्रत्येक बिस्किटाच्या जागी खळगा दिसू लागला. घन लाकडाचे काम असेल तर आता काही दिवस थांबतो.

नियम चार आहेत. पाते बदलताना बॅटरी काढायची, म्हणजे काढायचीच. छोटा तुकडा हातात धरून खाच पाडायची नाही, तो क्लॅम्पमध्येच पाहिजे, कारण पाते लाकडाला लागताच मशीन बाजूला उसळते. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय चालू करायचे नाही. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेले आहे. आपल्या माणसाच्या फुप्फुसाची किंमत आपणच ठेवली नाही तर दुसरा कोण ठेवणार? आणि चौथा नियम, मशीन कुणा एकाचे नाही. विहाराच्या वहीत नोंद करून घ्यायचे, बॅटरी चार्ज करून परत द्यायचे, कमाईच्या कामाला नेले तर ठरलेला वाटा अभ्यासिकेला द्यायचा. एकट्याने हप्त्यावर मशीन घेऊ नका, हप्ता थकला तर मशीनही जाते आणि उमेदही जाते. दहा-पंधरा जणांनी मिळून घ्या.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. सुरुवातीला त्यांना बोलवायचे आमच्या डोक्यातही आले नव्हते, हे कबूल करतो. ठेकेदाराने आमच्या पोरांशी जे केले तेच आम्ही आमच्या बहिणींशी करत होतो. एका ताईने येऊन विचारले, "हेही रक्तात असावं लागतं का?" त्या दिवसापासून दोन रविवार त्यांचे आहेत. आज सर्वांत नेमकी खूण त्यांचीच असते.

जयंतीचा पैसा कुठे गेला

आता पहिल्या आक्षेपाचे उत्तर. आमची अभ्यासिका विहारामागच्या खोलीत आहे. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेली माणसे शिवाजी पार्कवरून पुस्तके घेऊन येतात. बाबासाहेबांचे खंड, धम्मावरची पुस्तके, कायद्याची, स्पर्धा परीक्षेची. ही पुस्तके इतकी वर्षे गोण्यांत आणि फुटक्या पेटाऱ्यात होती. मागच्या पावसाळ्यात एका गोणीला वाळवी लागली. मांडणी करून घ्यायला विचारले तर सांगितलेली रक्कम आमच्या दोन वर्षांच्या वर्गणीएवढी होती.

आज त्या खोलीत आमच्या हातच्या पाच मांडण्या उभ्या आहेत. एकीचा सांधा अजून थोडा वाकडा आहे, तो आम्ही तसाच ठेवला आहे, नव्या पोरांना दाखवायला. ठेकेदाराकडे भुसा झाडणारी ती दोघे आता स्वतः कपाटांची छोटी कामे घेतात आणि दर सांगताना मान खाली घालत नाहीत.

डीजे लावल्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत आणि मशीन घेतल्याने लहान होत नाहीत. वर्गणीचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावलेला आहे, कुणीही वाचावा आणि चूक असेल तर दाखवावी. ज्यांना अजूनही पटत नाही त्यांनी रविवारी यावे, चष्मा लावावा आणि एक खाच पाडून पाहावी. वाद त्यानंतरही घालता येईल.

या ६ डिसेंबरला पुस्तके जरा जास्त आणा. ठेवायला जागा आहे.

जय भीम!